रस्त्याकडच्या खिडकीचा रंग

जयनगरातल्या त्या घराला वाळवी लागली ती रस्त्याकडच्या खोलीतून, पण ते कळायला फार उशीर झाला. त्या खोलीत कोणी बसत-उठत नसे. जुन्या गाद्या, पितळेची मोठी भांडी, सांडग्या-पापडांचे डबे असलं सामान तिथं असायचं. एका सकाळी अहल्या डबा काढायला गेली, तोल सावरायला तिनं खिडकीच्या चौकटीवर हात टेकला आणि तिचा अंगठा सरळ आत गेला. वरचा हिरवा रंग तेवढा शाबूत होता. आत लाकूड म्हणून काही उरलंच नव्हतं.

हे एकोणीसशे सदुसष्ट सालचं. जयनगर नुकतं आखलं जात होतं तेव्हा हयवदनच्या वडिलांनी ते घर बांधलं होतं. वडील गेले, आणि आता घरात तिघंच होती: टेलिफोनच्या कारखान्यात नकाशे काढणारा हयवदन, त्याची आई अंबूबाई आणि बायको अहल्या. अंबूबाईंना गल्लीतले सगळे अक्का म्हणत, पोटचा मुलगाही अक्काच म्हणे, म्हणून अहल्याही तेच म्हणायला लागली. ही मंडळी कित्येक पिढ्यांची बेंगळूरची. त्यांच्या मराठीत कानडी शब्द असे मिसळून गेलेले, की निपाणीहून लग्न होऊन आलेली अहल्या पहिले काही महिने नुसती ऐकतच राहायची. तीन वर्षांत तिच्याही तोंडी 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' बसले होते.

हयवदननं सुट्टीच्या दिवशी घरभर फिरून एकेका चौकटीवर टिचकी मारली. सगळीकडून पोकळ आवाज आला.

"लाकूड पुन्हा नकोच," तो म्हणाला. "ॲल्युमिनियमच्या करून टाकू सगळ्या. आमच्या साहेबांनी केल्यात. वाळवी नाही, गंज नाही, रंगवायची कटकट नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "करा. रस्त्याकडची तेवढी राहू दे."

"तिथूनच तर वाळवी आलीय, अक्का."

"राहू दे म्हटलं ना."

आईपुढं हयवदन फारसा बोलत नसे. पण त्यानं खिडक्या करणाऱ्या कृष्णमूर्तींना बोलावणं धाडलं ते सगळ्याच खिडक्यांसाठी.

कृष्णमूर्ती लँब्रेटावरून आले. म्हैसूर रस्त्याला त्यांचा छोटा कारखाना होता. माणूस गप्पिष्ट. त्यांनी कापडी पिशवीतून नमुन्याच्या पट्ट्या काढून जमिनीवर ओळीनं मांडल्या. एकेक पट्टी वीतभर लांब, चार बोटं रुंद. एक साधी, तशीच पांढुरकी. एक घासून घासून चकचकीत केलेली. एक करडी, हाताला किंचित खरखरीत. एक सोनेरी, आणि एक जवळजवळ काळी वाटावी अशी तपकिरी.

"हे रंग वरून फासलेले नाहीत अम्मा," ते कानडीत सांगू लागले. "विजेच्या हौदात बुडवून चढवलेत. नखानं खरवडून बघा. हा सोनेरी लग्नघरात फार जातो. तपकिरी सोफिस्टिकेटेड लोक घेतात. आणि हा करडा, कोणीच आनंदानं घेत नाही, पण वीस वर्षांनी शिव्याही देत नाही."

अहल्या हसली. "आणि हा चकचकीत?"

"तो बघायला. घ्यायला नाही."

मग ते मापं घेत फिरले. रस्त्याकडच्या खोलीत शिरून त्यांनी, लाकूड कोसळू नये म्हणून, झडपा हळूच ढकलून पाहिल्या. झडपा हलल्या नाहीत.

"पावसानं फुगलीय ती," अहल्यानं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला तसंच सांगितलं होतं.

कृष्णमूर्तींनी झडपेच्या कडेवरून बोट फिरवलं. "फुगलेली नाही अम्मा, ठोकलेली आहे. हे बघा, खिळ्यांची डोकी. वरून रंग दिलाय."

अक्का दारात आल्या होत्या. "चोरांसाठी," त्या म्हणाल्या. "तेव्हा इथं सगळं रान होतं."

कृष्णमूर्तींनी माप लिहून घेतलं आणि नमुने ठेवून गेले. रंग घरातल्या बाईनं ठरवावा, दिवसभर तिलाच बघायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. हयवदनही तेच म्हणाला. असा सबंध घराचा काही निर्णय आपल्यावर सोपवला जाण्याची अहल्याची ही पहिलीच वेळ. तिला त्याचं अप्रूप वाटलं. स्वयंपाकघरात, माजघरात, देवघरात तिनं एकेक पट्टी भिंतीला लावून पाहिली. सोनेरी तिच्या मनात भरली होती, पण उन्हात ती पितळेसारखी दिसे. शेवटी दुपारचं आवरून ती पट्ट्या घेऊन रस्त्याकडच्या खोलीत गेली. तिथं झडपांच्या वरच्या काचांतून स्वच्छ उजेड यायचा.

ती गाद्यांच्या वळकटीवर टेकली. पाठ खिडकीकडे. चकचकीत पट्टी हातात आली तेव्हा कोणतीही बाई करील तेच तिनं केलं. पट्टी तोंडासमोर धरून कुंकू नीट आहे का ते पाहिलं. कपाळ दिसलं, कुंकू दिसलं, कानामागं सुटलेली बट दिसली. बट सारताना पट्टी थोडी कलली आणि तिच्या खांद्यावरून मागची खिडकी दिसली.

खिडकीशी एक मुलगी उभी होती.

पाठमोरी. सोळा-सतरा वर्षांची असावी. एकच लांब वेणी, टोकाला लाल लोकर बांधलेली. निळी दावणी, इकडच्या मुली नेसतात ती अर्धी साडी, खाली पोपटी परकर. बंद झडपांकडे तोंड करून ती उभी होती.

अहल्या गर्रकन वळली. खिडकी, तिच्याखाली डबे, बाजूला पितळी घंगाळ. दुसरं काही नव्हतं. तिनं पट्टी पुन्हा वर धरली. आता पट्टी स्थिर राहत नव्हती, त्यामुळं पट्टीतली खोली हलत होती. पण मुलगी हलत नव्हती.

अहल्या ओरडली नाही. पट्टी गादीवर पालथी घालून ती बाहेर आली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि भाजी चिरायला बसली. उजेडाचा खेळ असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हातआरसा घेऊन गेली. आरशात नुसती खिडकी दिसली. सोनेरी पट्टीत काहीतरी उभं असल्याची सावली दिसली, करड्या पट्टीत काहीच नाही. चकचकीत पट्टीत मुलगी होती. आरशात नाही आणि पट्टीत का, हे अहल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

हयवदनला एक बहीण होती आणि ती तापानं गेली, एवढं अहल्याला ठाऊक होतं. नाव क्षमा. घरात तिचा फोटो नव्हता, तिचा विषय नव्हता. श्राद्धपक्षात तेवढं नाव ऐकू यायचं.

त्या संध्याकाळी हयवदन मागच्या पायरीवर कॉफी पीत बसला होता. अहल्या त्याच्याशेजारी बसली.

"वन्सं केस कसे बांधायच्या हो?"

"कोण, क्षमा? का गं?"

"एकच वेणी? टोकाला लाल लोकर?"

त्याच्या हातातला लोटा खाली आला. "तुला कोणी सांगितलं?"

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. हसला नाही, वेड्यात काढलं नाही, आणि त्यामुळंच अहल्याला जास्त भीती वाटली. निळी दावणी म्हटल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले.

"गौरीच्या सणाला घेतली होती ती," तो म्हणाला. "मीच आणली होती चिक्कपेटेच्या बाजारातून. अहल्या, हे अक्काला सांगू नकोस."

मागं काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. दारात अक्का उभ्या होत्या. हातातलं सूप तिरकं झालं होतं आणि तांदूळ उंबऱ्यावर ओघळत होते.

दुसऱ्या सकाळी अहल्या उठली तेव्हा अक्का स्वयंपाकघरात नव्हत्या, देवघरात नव्हत्या. रस्त्याकडच्या खोलीत, वळकटीवर, खिडकीकडे पाठ करून त्या बसल्या होत्या. पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. पट्टीवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरलं होतं.

"ह्यातच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला नाही दिसत." पदरानं पट्टी पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. "माझंच तोंड दिसतं. तू बघ. स्वल्प बघ ना."

अहल्यानं त्यांच्या बाजूला बसून पट्टी घेतली. मुलगी होती. होती तशीच.

"आहे?"

"आहेत."

अक्कांचा हात अहल्याच्या मनगटावर आला. तीन वर्षांत त्यांनी सुनेला असं धरलं नव्हतं. बाई तशी वाईट नव्हती. कधी टाकून बोलली नाही, कधी जवळही घेतलं नाही. घरात राहायची ती कान दुसरीकडं ठेवून.

"अंग वाळलंय का गं तिचं? तापात अगदी काडी झाली होती."

"नाही अक्का. चांगल्या आहेत."

"केसांना तेल आहे?"

"आहे."

"तोंड कसं दिसतं?"

तोंड दिसतच नव्हतं. अहल्यानं अक्कांकडे पाहिलं. साठीकडं झुकलेली ती बाई एखाद्या लहान पोरीसारखी तोंड उघडं टाकून वाट बघत होती.

"हसताहेत," अहल्या म्हणाली.

अक्का रडल्या. आवाज न करता, पुष्कळ वेळ. मग पदर खोचून उठल्या, आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, "खिडक्यांना तो चकचकीत रंग घ्यायचा. सगळ्या घराला. रस्त्याकडची खिडकीही करा, त्याच रंगात. पण ती बंद पाहिजे. उघडायची नाही."

हयवदननं बायकोकडे पाहिलं. बायको ताटाकडे बघत होती.

कृष्णमूर्ती आले तेव्हा त्यांनी परोपरीनं समजावलं. नुसती झिलई टिकत नाही, एका पावसाळ्यात डाग पडतात, मग ना धड चकचकीत ना धड साधी. शिवाय उन्हात समोरच्या घरातल्यांचे डोळे दिपतील, भांडणं होतील.

"मी रोज पुसीन," अक्का म्हणाल्या.

"आणि न उघडणारी खिडकी? अम्मा, खिडकी कशाला म्हणायची मग तिला?"

"तुम्ही करून द्या."

कृष्णमूर्ती डोकं खाजवत गेले. विचार पक्का करून कळवा, असं जाताना हयवदनला हळूच म्हणाले.

आता घराचा दिवसच त्या खोलीपासून सुरू होऊ लागला. आंघोळ झाली की अक्का अहल्याला हाक मारत. अहल्या पट्टी धरून बसे, आणि अक्का विचारत जात. आज काय नेसलीय? तीच दावणी. दमलेली वाटते का? नाही. माझ्याकडे बघते? बघतात. अहल्याला आता थांबता येत नव्हतं. पहिलं खोटं दयेपोटी आलं होतं; पुढची त्याला टेकू द्यायला यावी लागली. अक्कांनी मल्लिगेचा, मोगऱ्याचा, गजरा आणून खिडकीत ठेवला. एकदा हुग्गी केली, भरपूर तूप आणि वेलची घातलेली गोड खिचडी, आणि वाटी खिडकीखाली ठेवून विचारलं, "खाल्ली का गं?" अहल्या म्हणाली, वास घेतला. वाटीला मुंग्या लागल्या तरी अक्कांनी ती हलवू दिली नाही.

त्यांचं देवळात जाणं सुटलं. शेजारच्या बायका विचारून गेल्या. त्या खोलीत अक्का बोलत बसत, आणि अधूनमधून थांबत, समोरच्याचं उत्तर ऐकावं तशा.

"तूच सुरू केलंस हे," हयवदन एकदा चिडून म्हणाला. लगेच त्याला वाईट वाटलं. पण तो त्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. कारखान्यातून येताना घराच्या त्या बाजूनं येणंही त्यानं सोडलं होतं. कोपऱ्यावरून वळसा घालून तो मागच्या दारानं यायचा.

अहल्याला झोप लागेना. तिला त्या मुलीची भीती वाटत होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. वयानं आपल्याहून लहान दिसणारी ही नणंद, आपण तिच्या नावावर रोज काहीबाही खपवतो आणि ती एकदाही मागं वळून बघत नाही, ह्याची तिला शरम वाटू लागली. ती पट्टीत बघायची ती घाईघाईनं, वेणीवर नजर टाकून. हातांकडे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पाहिलं ते एका दुपारी. ऊन वरच्या काचांतून तिरपं आलं होतं. अक्का पाणी प्यायला उठून गेल्या होत्या. अहल्यानं पट्टी स्थिर धरली, आणि ह्या वेळी मान न वळवता, डोळे न हलवता बघत राहिली.

मुलगी नुसती उभी नव्हती. तिचे दोन्ही तळवे झडपांवर होते. ती ढकलत होती. खांदे पुढं जात, कोपरं ताठत, वेणीच्या टोकाची लोकर थरथरायची. मग हात सैल पडत, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. कसलाही आवाज नव्हता. दार ठोठावणाऱ्या माणसाची घाईही त्यात नव्हती. बाहेरून कोणी येणार नाही हे कधीच कळून चुकलेलं माणूस, तरी ढकलायचं सोडत नाही, तशी ती ढकलत होती.

अक्का परत आल्या. हातात पेला होता. बसता बसता त्या म्हणाल्या, "तिला सांग, स्वल्प दिवस थांब म्हणावं. नव्या खिडक्या आल्या की सगळ्या घरात दिसशील. स्वयंपाकघरात, माजघरात. मग ह्या एका खोलीत बसायला नको. विचार, आवडेल का."

अहल्यानं पट्टी मांडीवर ठेवली. "अक्का, मी खोटं बोलले."

"काय?"

"त्या हसत नाहीत. मी त्यांचं तोंड कधी पाहिलंच नाही. त्या पाठमोऱ्या असतात. आपल्याकडे एकदाही बघितलेलं नाही." तिनं झडपांकडे बोट दाखवलं. "त्या खिडकी ढकलताहेत, अक्का. सारख्या. त्यांना बाहेर जायचंय."

अक्कांनी पेला खाली ठेवला. थोडं पाणी सांडलं. अहल्याला वाटलं, आता ह्या हात उचलतील. उचलला असता तरी तिनं मार खाल्ला असता.

"आता खोटं बोलतेस," अक्का म्हणाल्या.

"नाही. आतापर्यंत बोलत होते."

रस्त्यावरून जटका गेला. घोड्याच्या टापा लांब गेल्या. मग अक्का बोलू लागल्या, सुनेकडे न बघता, खिडकीकडेही न बघता.

"दहाव्याला कावळा शिवेना. पुरुष मंडळी दुपार टळली तरी परतली नाहीत. आल्यावर हयवदनच्या वडिलांनी सांगितलं, सगळं बोलून झालं, तुझ्या आवडीचं दान करू म्हटलं, तुझ्या भावाचं नीट करू म्हटलं, कावळे वर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. सगळे म्हणाले, पोरीचा जीव कशात तरी अडकलाय. घरभर रड सुरू झाली." त्या थांबल्या. "मी नाही रडले. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे गेली नाही ती. आहे इथंच. ही तिची खोली, इथंच ती असणार. शेवटचे दिवस ह्याच खिडकीकडे बघत पडून असायची. सगळे जेवायला बसले होते. मी आत आले आणि खिडकीला खिळे मारले. कोणी विचारलं तर चोर म्हटलं."

"अक्का..."

"मला वाटलं, ती माझ्यासाठी राहिलीय. तिला जाता येत नाही असं नाही गं वाटलं. दहा वर्षं झाली. रोज दारात उभी राहून मी सांगायची, मी इथं आहे हं. आणि ती तिकडं..."

अहल्यानं सासूच्या पाठीवर हात ठेवला. अक्का एकदम उठल्या आणि मागच्या पडवीत गेल्या. हयवदनच्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड घेऊन परत आल्या.

"मी करते," अहल्या म्हणाली.

"नको. मीच मारलेत."

खिळ्यांच्या डोक्यांवर रंगाचे थर होते. ते नखानं, पकडीच्या टोकानं खरवडून काढावे लागले. पहिला खिळा धरून अक्कांनी ओढला, तर ओढावं लागलंच नाही. भिजलेल्या बिस्किटासारखा लाकडाचा तुकडा खिळ्यासकट हातात आला आणि आतून माती सांडली. दुसरा तसाच. तिसरा नुसत्या बोटानं निघाला. वाळवीनं सगळं खाऊन टाकलं होतं. कितीतरी दिवस ती खिडकी नुसत्या रंगावर बंद होती. अक्का हातातल्या मातीकडे बघत राहिल्या. एका धक्क्यात उघडली असती, आणि पोर ढकलत होती. मग त्यांनी दोन्ही झडपा बाहेर लोटल्या. बिजागऱ्या किंचाळल्या, एक झडप तिरकी होऊन लोंबली.

उजेड भसकन आत आला. खोलीतली धूळ उठली. समोर गजांपलीकडे रस्ता दिसला, गुलमोहराखाली सायकल उभी करून बसलेला फुलवाला दिसला. कुठंतरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. अहल्यानं त्या खोलीतून रस्ता कधी पाहिलाच नव्हता.

"बघ," अक्का म्हणाल्या. "गेली?"

अहल्यानं वळकटीवर बसून पाठ खिडकीकडे केली आणि पट्टी वर धरली. ती गेलेली असणार अशी तिची खात्री होती. तसं सांगायची तिनं मनाची तयारीही केली होती.

"नाही," ती म्हणाली. आता तिला खोटं बोलायचं नव्हतं. "आहेत अजून. पण हात खाली आलेत. खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकून उभ्या आहेत. बाहेर बघताहेत."

"काय बघते?"

"ते मला नाही दिसत, अक्का."

"जात का नाही?"

"ठाऊक नाही."

अक्का हळूच म्हणाल्या, "कुठल्या बाजूला आहे?"

"तुमच्या डावीकडं."

त्या पुढं गेल्या. डाव्या बाजूला जागा सोडून, अंग चोरून, गजांशी उभ्या राहिल्या. अहल्याला पट्टीत दोन पाठी दिसल्या. एक पांढऱ्या लुगड्यातली, वाकलेली, आणि एक निळ्या दावणीतली. दोघी रस्त्याकडे बघत होत्या. अक्कांनी डावा हात कट्ट्यावर नुसता ठेवला. क्षमाचं कोपर तिथून बोटभर अंतरावर होतं. ते सांगावं की नाही, ह्या विचारात अहल्या पडली, आणि सांगितलं नाही.

संध्याकाळी हयवदन आला तेव्हा खिडकी उघडी होती. तो खोलीच्या दारापर्यंत आला, आत बघितलं, चपला काढल्या आणि पहिल्यांदाच आत येऊन गादीवर बसला.

आठवड्याभरात कृष्णमूर्ती रंग पक्का करायला आले. अक्कांनी पट्ट्या स्वतःच आणून त्यांच्यापुढं ठेवल्या.

"करडा," त्या म्हणाल्या. "सगळ्या घराला. आणि रस्त्याकडची खिडकी पूर्ण उघडणारी करा. अगदी भिंतीला टेकेपर्यंत."

"मग चकचकीत नको ना? मी म्हणत होतोच." कृष्णमूर्तींचा जीव भांड्यात पडला.

अहल्यानं अक्कांना बाजूला घेऊन विचारलं, "ती एक पट्टी ठेवून घेऊ या का? मागितली तर देतील ते."

"कशाला? मला कुठं दिसते त्यात? आणि तू किती दिवस माझ्यासाठी बघत बसणार?" अक्कांनी पट्टी पदरानं पुसली, ती पिशवीत टाकायला कृष्णमूर्तींकडे दिली. "तिला बाहेर बघायचंय तर बघू दे. आपण तिला कशाला बघत बसायचं."

जुन्या चौकटी काढल्या तेव्हा भिंतीत नुसती भोकं राहिली, आणि कारखान्यातून माल यायला उशीर झाला. ते काही दिवस घर सगळीकडून उघडं होतं. वारा आरपार जायचा, कागद उडायचे, देवघरातलं निरांजन टिकायचं नाही. मग करड्या चौकटी बसल्या, नव्या काचा आल्या. शेजारच्या भागुबाई बघायला आल्या आणि दवाखान्यासारखं वाटतं म्हणून गेल्या. अहल्यालाही सुरुवातीला तसंच वाटलं. सोनेरीचा विचार तिच्या मनातून पूर्ण गेला नव्हता. चौकटीत बघितलं तर कोणीच दिसायचं नाही, स्वतःचं तोंडसुद्धा नाही.

अक्का पुन्हा देवळात जाऊ लागल्या. संध्याकाळी मात्र त्या खोलीत खुर्ची टाकून खिडकीशी बसत, फुलवाल्याशी गजांतून बोलत, कधी नुसत्याच बसून राहत. खुर्ची उजवीकडं असायची. क्षमा गेली की आहे, हे त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. अहल्याला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

खोलीतलं सामान हलवून हयवदननं तिथं आपलं नकाशाचं टेबल मांडलं. एका सकाळी अहल्या तिथं केर काढत होती. खिडकीपाशी आल्यावर डावीकडची तेवढी जागा सोडून ती वळली, आणि मग लक्षात आलं की आपण रोजच तसं वळतो. ती केरसुणी घेऊन थांबली. तेवढ्यात हयवदन टेबलावरचा कागद उचलायला आत आला. कारखान्याची बस गाठायची घाई होती त्याला. तरी खिडकीपाशी आल्यावर तो किंचित बाजूला झाला, कोणाला धक्का लागू नये म्हणून खांदा आखडून घ्यावा तसा, आणि कागद घेऊन गेला.

अहल्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग वाकून त्या जागेभोवतीनं केर ओढून घेतला.